आठे

डाळमिल रात्री थांबत नाही.
एलिव्हेटरच्या बादल्या भरून वर जातात, रित्या खाली येतात,
आणि त्यांचं ते खडखड-घस, खडखड-घस
खिडकीतून आत येऊन
माझ्या हेडफोनमध्ये बसतं.

मी लोकांचे फोन ऐकून लिहून काढते. पोटाचा धंदा.
कर्जाचा हप्ता, गॅसची तक्रार, मध्येच कुणाचं रडणं.
कळलं नाही तिथे लिहायचं : अस्पष्ट.
मागच्या महिन्यात इतके अस्पष्ट झाले
की कंपनीनं पैसे कापले.

म्हणून जमील पिंजारी आला, अजिंठा रोडवरून,
एक सहाची काच, एक आठची.
"दोन्ही सारख्या घेतल्या, ताई,
तर एकीतून सुटला तो आवाज दुसरीतूनही सुटतो.
सख्ख्या बहिणींना एकच खोड असते."
सरकती नको म्हणाला. बिजागरीची घ्या, दाबून मिटते.

मग मोजमाप. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, तिरपं,
पुन्हा उलटं. पाऊण इंचाचा फरक.
"बांधणाऱ्यानं ओळंब्याला दारू पाजली होती का?"
बांधलं होतं बापूंनी, सुट्टीच्या दिवसांत, स्वतःच्या हातानं.
मी काही बोलले नाही.
बापूंना ऐकू आलं नाही.

बत्तीस वर्षं मिलमध्ये, चाळण्याच्या शेजारी.
आधी उजवा कान गेला, मग डावा.
मग आमचं घर ओरडून बोलू लागलं,
मग कंटाळून गप्प झालं.

चौकट बसली. पाणसळीचा बुडबुडा मधोमध.
खाली पाचरी, कडेनं फोम,
तो कळण्याच्या भाकरीसारखा टम्म फुगला.
"माझा आजा कापूस पिंजायचा," जमील म्हणाला,
"गादीत हवा भरायचा. मी भिंतीत भरतो."
बाहेरच्या कडेची दोन बारीक भोकं त्यानं बुजवली नाहीत.
"ती पावसाच्या पाण्याला. सगळंच बंद करू नये."

खिडकी मिटली. मिल पार असोद्यापर्यंत गेली.
पण एक तार राहिली,
दातात अडकलेल्या धाग्याएवढी.
जमीलनं चारी कडांनी उदबत्ती फिरवली. धूर सरळ.
त्यानं कान लावला, मी कान लावला,
काचेला, चौकटीला. पुन्हा धूर.
"आता मनातला असेल, ताई."

बापू उठले.
तापल्या पोराचं अंग बघावं तसा
तळवा भिंतीवरून सरकवत नेला,
डाव्या कोपऱ्याखाली वीतभर गेल्यावर थांबले.
"आठे."
तिथे तर वीट आहे, जमील म्हणाला.
"आठेच शे. हात लाव."

छिन्नीच्या दुसऱ्या घावाला गिलावा पडला.
वीट नव्हती.
कोंबलेला कागद, कौलाचे तुकडे, आणि त्यांच्यामागे
बाहेरच्या फटीतून वाऱ्यानं वर्षानुवर्षं ठासलेली
मिलची चुनी.
बापूंनी चिमूट नाकाशी नेली. "उडीद."
मग खालची, जुनी. "हाई तूर."
आणि हसले.
का, ते विचारायला ओरडावं लागलं असतं.

जमीलनं वीट बसवली, साबणाच्या बोटानं सिलिकॉन ओढलं.
चोवीस तास हात लावू नका. अठराशे बाकी.

आज तिसरी रात्र.
कानात एक बाई हप्त्याची तारीख सांगतेय
आणि तिच्यामागे कुकरची शिट्टी होते.
ती लिहायची का, नियमात नाही.

बापू खिडकीशी, तळवा भिंतीवर.
"दुसरी पाळी सुटनी."
मी हेडफोन काढते. काही नाही.
घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं.
"पट्टा ढिला शे," ते म्हणतात,
"कोनी सांगा रे त्यास्ले."